दर भागात तोच मंत्र, तीच गिरकी, मग गोष्ट पुढे सरकते कधी?

मागच्या अंकात मी ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांवर, प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि नाशिकमधून जी पत्रं, मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते, की जादूची शक्ती मिळालेल्या मुलींच्या या मालिका, ज्यांना मॅजिकल गर्ल म्हणतात, त्या इतक्या हळू का चालतात आणि दर भागात तेच तेच का दाखवतात. हा माझा अगदी जिवाभावाचा विषय आहे त्यामुळे चारच पत्रं घेतलीयत आणि दोन उत्तरं चांगलीच लांबलीयत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बहिणीमुळे १९९२ चं जुनं सेलर मून बघायला घेतलं, बारा भाग झाले आणि सोडून दिलं. दर वेळी तेच, कुठेतरी नवीन दुकान नाहीतर क्लास उघडतो, तिथे लोकांची शक्ती ओढून घेतात, नायिका उसागी रडते, मग मंत्र, मग गिरकी, मग मुकुट फेकते की राक्षसाची माती. मित्र म्हणतो त्याचंच नवं रूप, २०१४ चं सेलर मून क्रिस्टल बघ, त्यात पसारा नाही. दोनशे भाग बघण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : बाराव्यावर थांबलास हे वाचून मला चुटपुट लागली रे, कारण तेराव्या भागात जेडाइट या खलनायकाचा निकाल लागतो आणि चौदाव्यापासून नेफ्राइट हा पुढचा खलनायक येतो, आणि मालिकेला खरा सूर तिथे सापडतो.

हे असं का झालं ते आधी सांगते. नाओको ताकेउचींची मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, नाकायोशी नावाच्या मासिकात यायची, म्हणजे महिन्याला एक प्रकरण, आणि ॲनिमे मार्च १९९२ मध्ये टीव्हीवर सुरू झालं ते आठवड्याला एक भाग. दोन्ही जवळजवळ बरोबरच निघालेली. आता तूच हिशेब कर, तिकडे एक प्रकरण छापून येईपर्यंत इकडे चार भाग दाखवून झालेले, म्हणजे एका भाकरीच्या पिठात चार भाकरी थापायच्या. त्यामुळे मांगात उसागीच्या चार साथीदारांपैकी आमी दुसऱ्याच प्रकरणात येते आणि रेई तिसऱ्यात, पण जुन्या ॲनिमेत आमी यायला आठवा भाग उजाडतो, रेईला दहावा, माकोतो पंचविसाव्यात आणि मिनाको तर थेट तेहेतिसाव्यात. क्रिस्टल मांगाच्या पावलावर पाऊल टाकून जातं म्हणून तिथे आठव्या भागापर्यंत पाचही जणी हजर असतात. तुझा मित्र म्हणतो ते एवढ्यापुरतं बरोबर आहे.

पण ही जी जास्तीची जागा मिळाली त्यात ॲनिमे बनवणाऱ्या तोएई स्टुडिओच्या मंडळींनी काय केलं ते बघ ना. नारू आठवतेय का, उसागीची वर्गातली मैत्रीण, पहिल्याच भागात जिच्या आईच्या दागिन्यांच्या दुकानात राक्षस घुसतो ती. मांगात तिला फारसं काम नाही. ॲनिमेत ती नेफ्राइटच्या प्रेमात पडते, तो तिला नुसता वापरून घेत असतो, आणि हे एक-दोन भागांत आटपत नाही, हळूहळू वाढत चोविसाव्या भागापर्यंत जातं, आणि त्या भागात दोघांनी मिळून चॉकलेट पार्फे खायला जायचं एक साधं बोलणं आहे जे मी अजून डोळे कोरडे ठेवून ऐकू शकलेले नाही. हे सगळं भरतीचं, मांगात याचा पत्ताच नाही. आणि पंचेचाळिसाव्या भागात बर्फात जे होतं ते मी तुला सांगणार नाही, पण तिथे रडू येतं ते त्या भागामुळे कमी आणि आधीच्या तीस-चाळीस भागांत या मुलींनी एकत्र बसून जे खाल्लंय, भांडलंय, अभ्यास टाळलाय त्यामुळे जास्त. क्रिस्टलमध्ये त्याच मुली संकटात सापडतात पण त्यांच्याबरोबर आपण तेवढे दिवस काढलेले नसतात, त्यामुळे मला तरी तिथे तेवढं तुटलं नाही.

आता तेच तेच दाखवतात याबद्दल. माझी आजी पंचवटीत राहायची आणि श्रावणात तिच्याकडे कहाण्या ऐकायला बसावं लागायचं, हातात अक्षता धरून. मुठीत तांदूळ, घामाने चिकट झालेले, आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. दर कहाणीची सुरुवात तीच, आटपाट नगर होतं. मग कुणीतरी विचारणार, काय गं बायांनो, कसला वसा वसता, तो मला सांगा. मग त्या म्हणणार, तुला वसा कशाला हवा, उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. मग तो म्हणणार, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, की आम्ही तांदूळ वाहून मोकळे. आम्हाला प्रत्येक शब्द पाठ होता तरी कुणी म्हटलं नाही की आजी हे गाळ आणि पुढचं सांग. उलट तिने एखादी ओळ खाल्ली तर आम्हीच आठवण करून द्यायचो. कारण ते ठरलेले शब्द आले की आपण कुठे आहोत ते कळायचं, आणि मग ठरलेल्याच्या मधे जे बदलतं, कुणाचं राज्य गेलं, कोण दारिद्र्यात पडलं, कुणाला कोणी ओळखलं नाही, तिकडे कान जायचे.

मॅजिकल गर्लचा मंत्र आणि गिरकी म्हणजे हेच आहे. आटपाट नगर होतं याला तू पसारा म्हणणार नाहीस ना, मग उसागीच्या मून प्रिझम पॉवर या मंत्रालाही म्हणू नको. बघायचं ते हे की मंत्राच्या आधी ती कशी होती आणि नंतर कशी आहे. पहिल्या भागात उसागी घाबरून भोकाड पसरते आणि लुना ही बोलणारी मांजर तिला ढकलून लढायला लावते, आणि पहिल्या सीझनच्या शेवटी तीच मुलगी तोच मंत्र कुणीही न ढकलता म्हणते. मंत्र तसाच राहिला म्हणून तर मुलगी बदललेली दिसली.

तर तू असं कर, पहिला सीझन ४६ भागांचा आहे तो पूर्ण कर. दोनशे भागांचं ओझं डोक्यावर घेऊ नको, पाचही सीझनची गोष्ट आपापल्या जागी संपते. आणि हो, त्या ४६ मध्येही काही भाग खरोखर कमकुवत आहेत, जिथे मंत्राच्या आधीची आणि नंतरची मुलगी अगदी तीच असते, तसा भाग आला आणि कंटाळा आला तर तो तुझा दोष नाही. क्रिस्टल नंतर बघ, ते वाईट नाहीये, पण पहिल्यांदा ते बघणं म्हणजे कहाणीतलं आटपाट नगर, वसा सगळं गाळून फक्त कोणाचं काय झालं तेवढं ऐकणं.

प्रश्न : फिलरची, म्हणजे मूळ मांगात नसलेल्या भरतीच्या भागांची, यादी बघून ते भाग गाळले तर चालेल का? वेळ कमी आहे. सातपूरहून.

उत्तर : पहिल्यांदा बघताना नको, वर सांगितलं तसं नारूची सगळी गोष्ट अशा यादीत गळून जाईल. पण एक सूट देते, सेलर मूनच्या दुसऱ्या सीझनचे पहिले तेरा भाग, म्हणजे ४७ ते ५९, हे मांगात नाहीतच, मांगा पुढे सरकेपर्यंत ॲनिमेवाल्यांनी रचलेली ती वेगळी गोष्ट आहे, ती सोडून साठाव्याला आलात तर मूळ धागा तुटत नाही.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला या मुलींचं इतकं वेड लागलंय की ओढणी गुंडाळून हॉलमध्ये गिरक्या घेत असते. तिने मला विचारलं की आई, ती रूप बदलेपर्यंत राक्षस थांबतो का गं, आणि मला उत्तर देता आलं नाही. दुसरं म्हणजे मादोका माजिका नावाची मालिका दिसली, चित्रं फार गोड आहेत आणि बाराच भाग आहेत, म्हणजे लवकर संपेल. दाखवू का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगते कारण ते महत्त्वाचं आहे. नका दाखवू. चित्रं गोड आहेत हे खरं, पण ती मालिका मोठ्यांसाठी आहे, जपानमध्ये ती रात्री उशिरा लागायची, आणि तिच्यात मृत्यू आहे, फसवणूक आहे, एखादी मुलगी हळूहळू आशा सोडत जाते ते अगदी जवळून दाखवलंय. नऊ वर्षांच्या मुलीला तो घाव बसेल. ती पंधरा-सोळाची झाली की तुम्ही दोघी मिळून बघा, तेव्हा फार सुंदर वाटेल.

आता राक्षस. तुम्ही कधी कालिदास नाट्यगृहात संगीत नाटक बघितलं असेल तर आठवा, नायक पद म्हणायला लागला की बाकीची पात्रं काय करतात? उभी राहतात. कुणी म्हणत नाही की अरे हा गातोय तोवर याला पकडा. कारण ते पद नाटकातल्या घड्याळात धरलेलंच नसतं, ते आपल्यासाठी असतं, त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून. रूप बदलायचं दृश्य तसंच आहे. बाहेरच्या जगात ते क्षणात झालेलं असतं आणि आपल्याला ते पाऊण-एक मिनिट सावकाश उलगडून दाखवतात, बोटांची नखं रंगतात, फिती हातापायांना गुंडाळतात, बूट चढतात. तिला एवढंच सांगा की राक्षस थांबत नाही, गोष्ट थांबते, तिच्यासाठी.

यामागे पैशाचं आणि वेळेचंही कारण आहे. दर आठवड्याला साधारण चोवीस मिनिटांचा भाग हाताने काढायचा म्हणजे चित्रकारांचा जीव जातो. म्हणून काही दृश्यं एकदाच काढून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची, याला तिकडे बँक म्हणतात, आपल्या बँकेसारखंच, एकदा ठेव ठेवायची आणि लागेल तेव्हा काढायची. दर भागात वापरायचंय म्हटल्यावर त्या एका मिनिटावर सगळ्यात जास्त जीव ओततात, म्हणून तर मालिकेतलं सगळ्यात देखणं तेच दिसतं आणि मुलींना तेच करावंसं वाटतं.

आणि दाखवायचंच असेल तर कार्डकॅप्टर साकुरा दाखवा, १९९८ ते २००० मधली, ७० भागांची. नायिका चौथीतली, म्हणजे तुमच्या मुलीएवढीच. गंमत अशी की यात ती रूप बदलतच नाही! तिची मैत्रीण तोमोयो तिच्यासाठी नवनवे कपडे शिवते आणि कॅमेरा घेऊन मागे मागे फिरते, आणि साकुरा ते कपडे घालून जादूची क्लो कार्डं पकडायला जाते. काठी मोठी होताना मंत्र तोच, पण अंगावरचा पोशाख नवा, म्हणजे ठरलेलं आणि बदलतं दोन्ही एकाच चौकटीत. पुढे साकुराची स्वतःची ताकद जागी होते तेव्हा काठीवर तारा येतो आणि मंत्राचे शब्दही बदलतात, आणि इतके भाग जुना मंत्र ऐकल्यामुळे लहान मुलांनाही लगेच कळतं की काहीतरी मोठं झालंय. तुमची मुलगी तेव्हा सोफ्यावरून उठून उभी राहील बघा. मांगात क्लो कार्डं १९ च आहेत, ॲनिमेत ती ५२ केली, म्हणजे इथेही भरती आहेच, पण त्यातले कितीतरी भाग साकुराच्या बाबांचे, दादाचे, शाळेतल्या मैत्रिणींचे आहेत आणि मुलांना तेच आवडतात.

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला राहते, चित्रकलेचं शिक्षण घेतेय आणि मैत्रिणीबरोबर मराठीत कॉमिक काढतेय. नायिका पंचवटीतली बारावीची मुलगी, गोदावरीत पाय बुडवले की तिच्यातली शक्ती जागी होते. पहिलं प्रकरण सोळा पानांचं झालंय, सोबत पाठवतेय. मैत्रीण म्हणते मादोकासारखं फास्ट करू, तिसऱ्या प्रकरणात कुणालातरी मारू म्हणजे लोक वाचत राहतील. मला वाटतं आपण घाई करतोय पण नक्की काय चुकतंय ते सांगता येत नाही.

उत्तर : पानं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा घाटावर बसून वाचली. तुला जे वाटतंय ते बरोबर आहे, फक्त घाई वेगळ्या जागी आहे.

तुझी पानं तीन ते आठ म्हणजे नदीची देवी, तिचा दैत्याशी झालेला करार, हजार वर्षांचा शाप. सहा पानं. आपली मुलगी पहिल्यांदा दिसते ती नवव्या पानावर आणि अकराव्यावर तिचं रूप बदलतंसुद्धा, म्हणजे जिचं रूप बदललं तिला आम्ही फक्त दोन पानं ओळखतो. हे उलट कर. सेलर मूनमध्ये चंद्रावरच्या राज्याचा सगळा इतिहास चव्वेचाळिसाव्या भागात येतो, आणि उसागीच ती राजकन्या आहे हे चौतिसाव्यात कळतं. तोवर आपल्याला काय माहीत असतं, तर इंग्रजीत तीस मार्क मिळवून घरी जायला घाबरणारी एक मुलगी. इतिहास खूप नंतर सांगितला तरी चालतो, मुलगी उशिरा आली तर चालत नाही. ती सहा पानं फाडू नको, फाइलमध्ये ठेव, तुला माहीत असू दे, वाचणाऱ्याला नंतर सांग.

मादोकाबद्दल तुझ्या मैत्रिणीला माझा निरोप दे, आणि ज्यांनी ती बघितलेली नाही त्यांनी हा आणि पुढचा असे दोन परिच्छेद सोडून द्या. तिसऱ्या भागात मामी ही अनुभवी मॅजिकल गर्ल मरते आणि त्यावरून सगळ्यांनी असा धडा घेतला की तिसऱ्या भागात धक्का द्यायचा. पण तो धक्का बसतो कशामुळे? त्याआधी मामीच्या घरी चहा आणि केक आहे, ती मोठ्या बहिणीसारखी मादोका आणि तिची मैत्रीण सायाका या दोघींना सगळं समजावून सांगते, आणि तिसऱ्या भागात पहिल्यांदा कळतं की ही मुलगी आतून किती एकटी होती, आणि मादोका तिला म्हणते मी तुझ्याबरोबर येते, आणि ती आनंदाने लढायला जाते आणि तेव्हाच. मारलं म्हणून नाही लक्षात राहिली ती, केक खाऊ घातला म्हणून राहिली. गेन उरोबुचींनी लिहिलेल्या या बारा भागांत केकला वेळ दिलाय. आणि स्वतः मादोका मॅजिकल गर्ल कधी होते? शेवटच्या भागात! सुरुवातीच्या गाण्यात मात्र ती पहिल्यापासून जादूच्या पोशाखात दिसते, म्हणजे वचन दिलंय आणि आपण पूर्ण मालिकाभर ते पाळलं जायची वाट बघतो. याला फास्ट कसं म्हणायचं, ही तर मला माहीत असलेल्यांपैकी सगळ्यात जास्त थांबायला लावणारी मालिका आहे. आणि क्युबे, मुलींना शक्ती देणारा तो छोटा प्राणी, जो करार देतो ना, तो मला नेहमी आजीच्या कहाणीतल्या वशासारखा वाटतो, फक्त तिथे देणारे आधीच बजावतात की उतशील, मातशील, आणि हा मात्र खरी अट कधी आपणहून सांगत नाही.

दहावा भागही तिला परत बघायला सांग. मादोकाला वाचवायला काळात मागे जाणारी होमुरा पुन्हा पुन्हा त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलच्या पलंगावर जागी होते. दृश्य तेच. आधी वेण्या आणि चष्मा, बावरलेली. मग एकदा चष्मा जातो, वेण्या सुटतात, आणि चेहऱ्यावरचं बावरणंही गेलेलं असतं. एका भागात एवढा प्रवास दाखवता आला कारण पलंग तोच ठेवला.

आता तुझ्या चौदाव्या पानाबद्दल. लढाई संपलीय आणि ती पायरीवर बसून ओली सलवार पिळतेय, मागे भेळवाला दिवसाचा धंदा आटपून गाडी आवरतोय, दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. सोळा पानांत हे पान मला सगळ्यात आवडलं. ही तुझी बँक आहे. ही चौकट दर प्रकरणाच्या शेवटी आण. आणि काय बदलायचं ते तुझ्या समोरच उभं आहे, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. आपण सगळे पावसाळ्यात हेच विचारतो ना, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, मारुतीच्या कुठवर आलंय? पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. नाशिकच्या माणसाला आकडा सांगावा लागत नाही. तू पहिल्या प्रकरणात त्याचे पाय कोरडे दाखव, काहीही न बोलता, मागे कुठेतरी. दुसऱ्यात पाय बुडालेले. वाचणारा तिसऱ्या प्रकरणात मुलीच्या आधी मारुती शोधेल. मग तुला शापाची सहा पानं लागणार नाहीत आणि कुणाला घाईने मारावंही लागणार नाही, पाणी चढतंय एवढं पुरे.

आणि पाणी चढतंय म्हणजे ती दर वेळी त्याच पायरीवर बसू शकणार नाही, खालची बुडालेली असेल, एक वरची घ्यावी लागेल, मग आणखी एक. भेळवाल्याची गाडीही मागे मागे सरकत जाईल. दुसऱ्या प्रकरणाची पानं झाली की पाठव, तो भेळवाला तिच्याकडे पहिल्यांदा कधी बघतो ते मला वाचायचंय.